आधी आलेख, मग आकडे

पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीचा, कागद हातात आला की बहुतेक डॉक्टरांची नजर आधी तळाशी जाते. तिथे यंत्राने स्वतःचं मत छापलेलं असतं: ‘नॉर्मल’, ‘माइल्ड ऑब्स्ट्रक्शन’, ‘मॉडरेट रिस्ट्रिक्शन’. बाकावर वीस-पंचवीस पेशंट खोळंबलेले असताना त्या एका ओळीचा मोठा आधार वाटतो. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या एका फॅमिली डॉक्टरांनी मात्र स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. कागद आला की त्याचा तळ त्या मागे दुमडतात. आधी आलेख बघतात, मग आकडे, आणि यंत्राचं मत सगळ्यांत शेवटी.

ही शिस्त त्यांना त्यांच्या पेशंटांनीच शिकवली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना मागांच्या शेड, आत कामगार आणि जॉबर, कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या बायका. पलीकडे सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने, शहराबाहेर सूतगिरण्या आणि थोडं पुढे गेलं की शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्र्या. कापसाची धूळ, फाउंड्रीतल्या वाळूची बारीक पूड, धूर, सगळं छातीत जातं. काहींच्या घरी अजून चूल आहे, काहींच्या खिशात बिडीचा कट्टा, काहींना तरुणपणी टीबी होऊन गेलेला. ‘दम लागतोय ओ’ एवढंच सांगत आलेल्या माणसामागे अशी पाच-सहा कारणं उभी असतात. स्टेथोस्कोपला त्यांतली बरीचशी सारखीच ऐकू येतात.

अशा पेशंटांचा भार कुणावर पडतो, याचं मोजमाप पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेलं आहे. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातल्या ८८० शहरा-गावांतल्या प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांकडे आलेल्या २ लाखांहून अधिक पेशंटांच्या तक्रारी त्यांनी नोंदवून घेतल्या. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना श्वसनाशी संबंधित त्रास होता. भारतातल्या सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्यांतल्या कायमच्या अडथळ्याच्या आजाराच्या, पेशंटांची संख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती. २०१६ मध्ये ती ५ कोटी ५३ लाख झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक पहिल्यांदा छातीच्या तज्ज्ञाकडे जात नाहीत. ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येतात. तिथून कोल्हापूरला किंवा मिरजेला चाचणीसाठी पाठवायचं म्हणजे एका दिवसाचा खाडा. म्हणून कितीतरी जण चिठ्ठी घेऊन जातात आणि चाचणी न करताच सहा महिन्यांनी पुन्हा धाप लागून येतात. डॉक्टरांनी ही चाचणी करणारं यंत्र, स्पायरोमीटर, विकत घेतलं ते यासाठी.

यंत्र आलं तेव्हा खोक्यातून निघालं एवढंसं: हातात मावणारा सेन्सर, एक वायर, एक सीडी. चाचणी कशी करायची ते विक्रेत्याच्या माणसाने अर्ध्या तासात दाखवलं. खरी चाचणी कशी असते, हे मात्र डॉक्टर पुढे दवाखान्यातल्या सिस्टरकडे बघत शिकल्या.

या सिस्टर स्टुलावर बसत नाहीत. पेशंटला पाठीच्या खुर्चीत ताठ बसवतात, पाय जमिनीला टेकलेले, कमरेचा पट्टा सैल. नाकाला चिमटा लावतात. आधी स्वतः फुंकून दाखवतात, कारण शब्दांनी सांगून हे कळत नाही. मग पेशंटच्या समोर, त्याच्या डोळ्यांत बघत उभ्या राहतात. “अण्णा, ओठ घट्ट. आता छाती भरून घ्या, भरा, भरा, अजून जरा, गच्च भरा…” आणि क्षणात आवाज चढतो, “सोडा! सोडा, सोडा, सोडा, थांबू नका, अजून, अजून, संपलं वाटलं तरी सोडा, ढकला, ढकला…” बाहेर बाकावरच्या माणसांच्या माना वळतात. अण्णांचा चेहरा लाल होतो, डोळे पाणावतात, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले जातात. त्यांना वाटतं, आता काही उरलेलं नाही. पडद्यावरची रेघ मात्र अजून हळूहळू वर चढत असते, आणि सिस्टरचं सगळं लक्ष त्या रेघेवर. रेघ आडवी झाली की त्या म्हणतात, “शाब्बास. आता आत घ्या.” कर्नाटकातून आलेला कामगार असेल तर ‘ऊदरी, ऊदरी’, बिहारचा असेल तर ‘फूंको, फूंको’. दोन मिनिटं विश्रांती, आणि पुन्हा तेच. निदान तीन चांगल्या फुंका मिळेपर्यंत. जास्तीत जास्त आठ. त्यापुढे माणूस दमतो आणि आकडे घसरायला लागतात.

फुंकेत दोन गोष्टी मोजायच्या असतात. भरलेली छाती पूर्ण रिकामी करताना एकूण किती हवा बाहेर पडली, ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात किती पडली, ती एफईव्ही-१. जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने १८४६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेच्या स्पायरोमीटरवर २,१३० माणसांची मापं घेऊन पहिला मोठा अभ्यास छापला, पण त्याने मोजली ती फक्त एकूण हवा. वेळेचं माप शंभर वर्षांनी आलं. फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी १९४७ मध्ये पहिल्या सेकंदातल्या हवेचं महत्त्व दाखवलं. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील तर हवा असते, पण वेळेत बाहेर पडत नाही. म्हणून दम्यात आणि सीओपीडीत या दोन आकड्यांचं गुणोत्तर उतरतं. सगळं निदान त्या भागाकारावर उभं आहे, आणि भागाकारातला एक आकडा खोटा असला की उत्तर साफ उलटं निघू शकतं.

पन्नाशीतला एक जॉबर एकदा शिबिरातला रिपोर्ट घेऊन आला. तळाला छापलं होतं: ‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’. एफईव्ही-१ होती १.६२ लिटर, एफव्हीसी २.०५. गुणोत्तर ७९ टक्के, म्हणजे अडथळा नाही. फुप्फुस आकसलं असेल, असा अर्थ काढून कुणीतरी त्याला सीटी स्कॅन करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी वेळ आणि हवेचा आलेख पाहिला. रेघ दोन सेकंदांच्या आसपास कापल्यासारखी थांबली होती, अजून चढतीवर असताना. दुसऱ्या आलेखात, हवेच्या वेगाच्या, शिखरानंतरची उतरती बाजू झोळीसारखी आत खचलेली होती. अडथळ्याची खूण कागदावर होती. तळाच्या ओळीला ती कळली नव्हती.

सिस्टरनी चाचणी पुन्हा घेतली. या वेळी त्याने आठ-नऊ सेकंद फुंकलं. एफईव्ही-१ जवळपास तेवढीच आली, १.६६. एफव्हीसी मात्र २.७० वर गेली. गुणोत्तर ६१. मग स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार पफ, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. “दादा, मधल्या वेळेत बाहेर जाऊन बिडी ओढायची नाही हां,” असं सिस्टरनी बजावून सांगितलं. दुसऱ्या खेपेला एफईव्ही-१ फक्त ८० मिलीलिटरने वाढली आणि गुणोत्तर ६३ च्या खालीच राहिलं. बिडी, धूळ आणि न सुटणारा अडथळा: सीओपीडी. सीटी स्कॅनचे पैसे वाचले, योग्य पंप सुरू झाला आणि बिडी सोडण्याचं बोलणं हातात आलेख धरून करता आलं. हाच माणूस ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणून फिरत राहिला असता, तर आजार वाढत जाईपर्यंत त्याच्या पंपाचा विचार कुणी केला नसता.

लवकर थांबलेली फुंक ही प्राथमिक पातळीवरची सर्वांत मोठी चूक आहे, हे जगभर दिसलेलं आहे. न्यूझीलंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतला एक अभ्यास १९९९ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात आला. तिथल्या चाचण्या सगळ्या निकषांवर तपासल्या, तेव्हा प्रशिक्षण न घेतलेल्या दवाखान्यांतल्या ३.४ टक्केच पूर्ण बसल्या. कार्यशाळा घेतलेल्या दवाखान्यांत हे प्रमाण १३.५ टक्के झालं. चौपट, तरीही थोडं. या आकड्यांचा धाक घेऊन काहीजण म्हणतात, मग ही चाचणी हॉस्पिटलातच होऊ द्या. इचलकरंजीतल्या डॉक्टर त्यातून दुसरा अर्थ घेतात: एका कार्यशाळेने एवढा फरक पडत असेल, तर रोज आलेख बघून, रोज सिस्टरशी त्यावर बोलून किती पडेल?

त्यांच्या दवाखान्यात म्हणूनच सकाळची सुरुवात पेशंटने होत नाही. तीन लिटरची एक मोठी सिरिंज आहे. सिस्टर ती यंत्राला जोडून हवा ढकलतात, कधी हळू, कधी जोरात. यंत्राने तीनच लिटर दाखवले पाहिजेत, तीन टक्क्यांच्या आत. दाखवले नाहीत तर त्या दिवशी चाचणी नाही. यंत्राबरोबर ही सिरिंज आलेली नव्हती. ती वेगळी मागवावी लागली.

अमेरिकेच्या आणि युरोपच्या श्वसनविषयक संघटनांनी २००५ मध्ये संयुक्त निकष ठरवले आणि २०१९ मध्ये ते सुधारले. सिस्टरच्या टेबलाच्या काचेखाली त्यांचा मराठीत लिहिलेला सारांश आहे. सुरुवात झटक्यात हवी, चाचरत नको. पहिल्या सेकंदात खोकला नको. शेवटी रेघ आडवी झालेली हवी: एका सेकंदात २५ मिलीलिटरपेक्षा कमी वाढ. सर्वांत चांगल्या दोन फुंकांमधला फरक १५० मिलीलिटरच्या आत. यावर चाचणीला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत ग्रेड देता येते. ग्रेड कागदावर लिहिल्याशिवाय सिस्टर तो डॉक्टरांकडे देत नाहीत. ‘डी’ आली तर तसं लिहायचं. आकडा सुंदर दिसतो म्हणून ग्रेड वाढवायची नाही.

काही अडचणी इथल्याच आहेत. गुटख्याने तोंड आखडलेल्या तरुणाला माउथपीस नीट धरता येत नाही. ओठांच्या कडेने हवा निसटते आणि आकडा पडतो. मिसरी लावून आलेल्या मावशींना आधी चूळ भरायला लावावं लागतं. वाकलेल्या आजींची उंची भिंतीला टेकवून मोजली तर चुकते, म्हणून दोन्ही हात पसरून एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचं अंतर घ्यायचं. उंची विचारून लिहायची नाही, मोजायची, तीही चप्पल काढून. पेशंटचा आकडा ज्याच्याशी ताडून बघायचा, तो अपेक्षित आकडा वय, उंची आणि लिंग यांवरूनच निघतो.

आणि तो कुठल्या सूत्राने निघतो, हाही प्रश्न आहे. दवाखान्यातल्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ‘कॉकेशियन’ निवडलेलं होतं. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मापाने हातकणंगले तालुक्यातल्या बाईची छाती मोजली की निरोगी बाईही आजारी दिसते. मुंबईत डॉ. फरोख उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांची मापं घेऊन १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. २०१२ च्या जागतिक ‘जीएलआय’ सूत्रांत भारतीयांचा वेगळा गट नव्हता, आणि २०२३ मध्ये वंशाचा रकानाच नसलेली नवी जागतिक सूत्रं आली. यांतलं कुठलं वापरायचं यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा चालू आहे. डॉक्टरांनी त्यांच्यापुरता एक नियम केला: सूत्र एकच ठेवायचं, त्याचं नाव रिपोर्टवर लिहायचं, आणि वर्षभरानंतर तोच माणूस आला की टक्के बाजूला ठेवून त्याचे लिटर त्याच्याच जुन्या लिटरशी ताडायचे.

गुणोत्तराची सीमाही अशीच जपून वापरावी लागते. पंपानंतर ०.७० च्या खाली म्हणजे सीओपीडी, हा जगभर वापरला जाणारा सोपा नियम आहे. पण वय वाढतं तसं निरोगी माणसाचंही गुणोत्तर उतरतं. सत्तरीच्या एका निवृत्त शिक्षकांचं ०.६८ आलं, खोकला नाही, दम नाही, आयुष्यात बिडी नाही. त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांत ९५ टक्के लोक ज्या रेषेच्या वर असतात, तिच्या वरच ते होते. डॉक्टरांनी त्यांना आजाराचं लेबल लावलं नाही. उलट तिशीतल्या कामगाराचं ०.७२ आलं तर त्या थांबून विचार करतात, कारण त्या वयाला ते कमी आहे.

कांड्या भरणाऱ्या एका मावशींची हकीकत त्या आवर्जून सांगतात. मावशींना बऱ्याच वर्षांपासून ‘दमा’ होता. धाप लागली की इंजेक्शन, मधल्या काळात पंप. चाचणी कधीच झालेली नव्हती. सिस्टरनी ‘ए’ ग्रेडची चाचणी करून घेतली. गुणोत्तर ८२, एफव्हीसी पुरेशी, आलेख सरळ उतरणारा. एवढ्यावर दमा नाही असं म्हणता येत नाही, कारण दमा येतो-जातो आणि मधल्या काळात चाचणी नॉर्मल असू शकते. म्हणून डॉक्टरांनी त्यांना पीक फ्लो मीटर घरी दिलं. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि मुलीने वहीत आकडा लिहायचा, दोन आठवडे. वहीतले आकडे जवळजवळ हललेच नाहीत. मग पापण्या खाली ओढून पाहिल्या, पांढऱ्या. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. पाळीत जास्त रक्त जात होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. लोहाच्या गोळ्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले, जिना चढणं सोपं होत गेलं, आणि पुन्हा चाचणी करत करत पंप बंद केला.

कॅनडात असाच शोध मोठ्या प्रमाणावर घेतला गेला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ प्रौढांची नीट तपासणी केली, तेव्हा साधारण एकतृतीयांश लोकांमध्ये चालू दमा सापडला नाही. काहींच्या धापेमागे हृदयाचे किंवा श्वसनमार्गाचे दुसरेच गंभीर आजार निघाले. निदानाच्या वेळी फुंकून पाहिलं असं तपासलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच बाबतीत झालं होतं.

धुळीच्या कामात चाचणीची वेळही महत्त्वाची ठरते. सूतगिरणीत कार्डिंग खात्यात काम करणाऱ्यांना सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरेल तशी सैलावते, ही बिसिनोसिसची ओळख. लँकेशायरमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात तिच्या पायऱ्या ठरवल्या, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी हा आजार वर्षानुवर्षं अभ्यासला. असा कामगार सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात आला तर चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टर त्याला पाळीच्या आधी आणि पाळी सुटल्यावर, सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी बोलावतात. दोन आकड्यांमधली घट हाच पुरावा. बिसिनोसिस कायद्याने अधिसूचित केलेल्या आजारांच्या यादीत आहे. निकृष्ट चाचणीने तो झाकला गेला तर कामगाराच्या हक्काचंही नुकसान होतं.

काही वेळा चाचणी न करणं हाच योग्य निर्णय असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी, मग फुंक. खोकल्यातून रक्त, नुकताच हृदयविकाराचा झटका, डोळ्याची ताजी शस्त्रक्रिया, छातीत हवा साठलेली, अशा माणसाला जोराने फुंकायला लावणं धोक्याचं. प्रत्येक पेशंटला नवा फिल्टर, आणि खोलीची खिडकी उघडी. २०२० मध्ये कोविडने ही चाचणी जवळपास सगळीकडे थांबवली. पुन्हा सुरू केली तेव्हा खिडकीचा हा नियम कायम राहिला.

आपल्याला सगळे आलेख वाचता येतात, असं डॉक्टर मानत नाहीत. अडलेले आलेख त्या कोल्हापूरच्या एका छातीविकारतज्ज्ञांना मोबाइलवर पाठवतात. नुसता आकडा पाठवून उत्तर मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तीनही फुंकांचे आलेख, ग्रेड, उंची, काम आणि पंप कधी घेतला होता, एवढं जातं. उत्तर आलं की ते सिस्टरलाही वाचून दाखवलं जातं. गेल्या काही वर्षांत सिस्टर इतक्या तरबेज झाल्या आहेत की शेजारच्या दवाखान्यांतल्या नर्स त्यांच्याकडे शिकायला येतात.

केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी सीओपीडी आणि दमा यांचा समावेश केला आहे. स्पायरोमीटर आज ना उद्या ग्रामीण रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांतही पोचतील. त्यासाठी डॉक्टरांनी तालुक्यातल्या सहकाऱ्यांबरोबर एक यादी तयार केली आहे: यंत्राबरोबर तीन लिटरची सिरिंज, वर्षभर पुरतील एवढे फिल्टर आणि नाकाचे चिमटे, उंचीची भिंतपट्टी, चाचणी घेणाऱ्या नर्सला प्रत्यक्ष पेशंटवर प्रशिक्षण आणि सहा महिन्यांनी त्याची उजळणी, तिची बदली झाली तर नव्या नर्सला तेच प्रशिक्षण, आणि महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या तज्ज्ञाने केंद्रांचे आलेख बघून ग्रेड तपासण्याची सोय.  हा खर्च खरेदीच्याच प्रस्तावात धरावा, असा त्यांचा आग्रह आहे, कारण यंत्र कपाटात गेल्यावर त्यासाठी वेगळे पैसे मागणं कुठल्याही आरोग्य केंद्राला जड जातं.